टेम्पो पुन्हा फाटकाशी यावा

महोदय,

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत पुण्यातील गुलटेकडीचे मार्केट यार्ड बंद झाले, तेव्हा एकीकडे पुरंदर, जुन्नरच्या शिवारात भाजी पडून होती आणि दुसरीकडे शहरात मेथीच्या जुडीसाठी रांगा लागत होत्या. आमच्या सहकारनगरमधील सोसायटीत दोन निवृत्त गृहस्थांनी आदल्या रात्री घरोघरची मागणी वहीत लिहून घ्यायची, ती सासवडजवळच्या एका शेतकरी गटाला फोनवर कळवायची आणि सकाळी ओल्या गोणपाटाखाली झाकून आलेली भाजी फाटकाशी उतरवून घ्यायची, असा क्रम कित्येक महिने चालवला. मागणी आधीच ठाऊक असल्याने माल तेवढाच तोडला जाई आणि अडत, हमाली वाचल्याने दर शेतकरी आणि ग्राहक दोघांनाही परवडत. (वांगी मात्र बरेचदा किडकी निघत, हेही नमूद करायला हवे.)

परिस्थिती निवळली आणि वही बंद पडली. फळे व भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्याने थेट विक्रीला कायद्याची आडकाठी नाही. घोडे अडते ते जागेपाशी आणि सातत्यापाशी. गरज सरताच आपण पाठ फिरवली, तर पुढच्या पुरात वा साथीत शेतकऱ्याने कोणत्या भरवशावर टेम्पो भरावा? सोसायट्यांनी आठवड्यातून एक दिवस वाहनतळाचा कोपरा द्यावा आणि महापालिकेने शाळांची मैदाने रविवारी सकाळी खुली करावीत. महिन्याची आगाऊ नोंदणी करणारी शंभर घरे मिळाली, तर गटाला लागवडही त्याच हिशेबाने करता येईल.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे