मेनूकार्डावर लिहिलाय तेवढाच दर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, मिरज रस्ता या भागांत गेल्या काही वर्षांत घराजवळ जेवायला जायची चांगली सोय झाली आहे. रविवारी रात्री टेबलासाठी थांबावं लागतं, याचा सांगलीकर म्हणून आनंदच वाटतो. पण पुण्या-मुंबईतली एक खोडही त्यासोबत इकडे आली आहे, ती म्हणजे बिलात न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज.

अलीकडेच घरच्यांबरोबर जेवायला गेलो होतो. जेवण ८०० रुपयांचं, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ८० रुपये, आणि जीएसटी लावला तो ८८० वर. एकूण ९२४. तो चार्ज नसता तर ५ टक्के करासह ८४० झाले असते. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टिममधूनच येतो, साहेब." मी हटून बसलो, तेव्हा दुसरं बिल निघालं. म्हणजे सिस्टिममधून तो काढताही येतो. मागच्या टेबलावरच्यांनी मात्र मुकाट्याने पैसे भरले, कारण तो सरकारी कर आहे असंच त्यांना वाटत होतं.

तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी आकारायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या.

छोट्या हॉटेलांबद्दलही एक सांगायला हवं. जी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतःच्या खिशातून भरायच्या छोट्या व्यावसायिकांच्या योजनेत आहेत, त्यांना गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही आणि तसं बिलावर लिहावंही लागतं. साध्या चिठ्ठीवर 'टॅक्स' म्हणून आकडा मांडला असेल, तर जीएसटी नंबर जरूर विचारावा.

हॉटेल चालवणं सोपं नाही, हे मान्य आहे. गॅस, तेल, भाजी, पगार सगळंच वाढलंय. मग थाळीचा दर वीस रुपयांनी वाढवा आणि तसा मेनूकार्डावर छापा. परवडेल तो बसेल, नाही परवडणार तो दुसरीकडे जाईल. आपल्या एसटी स्टँडजवळच्या खानावळीत अजून हेच चालतं. फळ्यावर थाळीचा दर आणि जादा भाकरीचा दर खडूने लिहिलेला असतो, जेवून उठल्यावर गल्ल्यावर तेवढेच पैसे द्यायचे. वाढणाऱ्या पोराने मायेने आमटी वाढली तर त्याच्या हातावर आपण खुशीने काही ठेवतोच. सर्व्हिस चार्जमधलं त्याला किती मिळतं, हे मात्र कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते मिरजेतल्या पेशंटच्या नातेवाइकांचं. कर्नाटकातून, जतकडून माणसं दवाखान्यासाठी येतात आणि चार-आठ दिवस बाहेरचंच खातात. आत माणूस ऑपरेशनला असताना बिलावर वाद घालायचं त्राण कुणात असतं? त्यांच्याकडून असे पैसे काढणं मनाला पटत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. याच सूचनांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. आपल्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिवाळीच्या गर्दीआधी हॉटेलचालकांची एक बैठक घ्यावी आणि १९१५ हा क्रमांक प्रत्येक काउंटरवर मराठी आणि कानडीत लावायला सांगावा, ही विनंती आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली