पम्याचा राजीनामा

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय सदा,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. इकडं सगळे बरे. माझी शुगर आहे तिथंच आहे, अनूचा गुडघा अधूनमधून. हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते फोनवर बोलण्यासारखं नाही. पम्याला विचारूनच लिहितोय.

पम्याकडून शाळेनं राजीनामा घेतला. मोबाईलचा डिस्प्ले बदलायला टाकला होता, दुकानातल्या पोरानं गॅलरी उघडली. त्याचे नि सुजाताचे फोटो. दोरी, पाठीवर पट्ट्याचे वळ, आणि तिच्या डोळ्यांवर तोच चौकड्यांचा मफलर, ज्यावरून आपण त्याला कॉलेजात छळायचो. बघता बघता पालकांच्या ग्रुपवर. संस्थाचालकांनी बोलावून टाइप केलेला कागद पुढं सरकवला, सही कर नाहीतर बोभाटा करतो. गडी घाबरला, केली सही.

दरम्यान सुजाताच्या भावानं पोलिसात अर्ज दिला. तिथल्या बाईंनी सुजाताला बाजूला नेऊन विचारलं, नवरा मारतो का? या प्रश्नाचा मला राग नाही, सदा. अंगावर वळ घेऊन माझ्या ऑफिसात येणाऱ्या बायका मी बघतो, आणि नवरा बाहेर बाकावर बसलेला असला की त्यातल्या बहुतेक जणी 'मीच पडले' म्हणतात. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, कायदाही तेच सांगतो. तेव्हा विचारायलाच पाहिजे, आणि एकटीला विचारायला पाहिजे. पण विचारलंस ना? मग उत्तर ऐक की. सुजाता म्हणाली, माझ्या मर्जीनं, सुचवलं मीच, आणि थांबायचा शब्द ठरलेला आहे, 'भडंग'. भडंग म्हटलं की तो तिथल्या तिथं थांबतो. बाईंना हसू आवरेना म्हणे. भावाचं एकच पालुपद, तिला काय कळतंय. बँकेत लोकांची कर्जं मंजूर करते ती, आणि स्वतःच्या पाठीचं तिला कळत नाही!

आता तू म्हणशील, वकील आहेस, कायदा सांग. सांगतो. न्याय संहितेचं कलम २५, जुन्या दंडसंहितेचं ८७. अठरा वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल, आणि जीव घ्यायचा किंवा गंभीर दुखापत करायचा हेतू नसेल, तसं होईल याची जाणीवही नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्यानं दाखला दिलाय मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचा. म्हणजे आपलं खासबागचं कुस्तीचं मैदानच. तुझा डावा कान पम्यानं चुरगाळला तो अजून तसाच आहे, कुणी केस घातली का त्याच्यावर? पण आखाड्यातलं हे कलम खोलीच्या आत न्यायचं म्हटलं तर कोर्टात घाम गाळावा लागणार. इंग्लंडात १९९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की असल्या प्रकारात संमती हा बचाव नाही. ते सगळे पुरुष होते, तक्रार कुणाचीच नव्हती, पोलिसांच्या हाती व्हिडिओ लागला एवढंच. आणि तिथंच १९९६ साली बायकोच्या ढुंगणावर तापल्या सुरीनं आपली आद्याक्षरं उठवणारा नवरा अपिलात सुटला. का, तर तिचीच इच्छा होती आणि हा नवराबायकोचा खाजगी मामला. पुरुषापुरुषांचं ते गुन्हा, लग्न झालेल्यांचं ते घरगुती. असो, तुरुंगाचं भय पम्याला फारसं नाहीच. नोकरीचं काय?

२०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, पुढच्या वर्षी सज्ञानांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांपुरतं ३७७ मोडलं. टाळ्या आपणही वाजवल्या. पण घटनेचं पंधरावं कलम सरकारला भेदभाव करू नको म्हणतं, तेही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून. बेडरूममधल्या आवडीवरून खाजगी संस्थेनं काढलं, घरमालकानं खोली रिकामी करायला लावली, तर नेमकं बोट ठेवायला कायदा नाही. युरोपात तरी काय? गुन्हेगारांची देखरेख करणारा एक इंग्रज अधिकारी बीडीएसएमच्या, म्हणजे असल्याच दोरी-पट्ट्याच्या खेळांच्या, धंद्यात आहे म्हणून कामावरून गेला, २००८ साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानंही त्याची तक्रार फेटाळली.

मग पम्याला वाचवणार काय, तर रजिस्टर पोस्ट! हसू नकोस. खाजगी शाळांच्या नोकरांचा १९७७ चा कायदा आहे. त्याचं सातवं कलम म्हणतं, राजीनामा नोकरानं स्वतः दोन प्रतींत तयार करायचा, दोन्हींवर सही-तारीख घालायची, आणि एक प्रत रजिस्टरनं धाडायची. पम्याचा संस्थेनंच टाइप केलेला, चेअरमनच्या टेबलावर सही झालेला. शाळा न्यायाधिकरणात अपील तीस दिवसांत करायचं, कागद तयार आहेत. माणसाच्या अब्रूबद्दल त्यात एक ओळ नाही, सगळं भांडण कागद कुणी तयार केला आणि कसा धाडला यावर. मला हे लागतंय. आणि समोरचा वकील 'नैतिक अधःपतन' म्हणत ते फोटो टेबलावर आपटणारच. ज्या पोरानं ते चोरले त्याच्यावर मात्र एक अर्ज नाही.

वकीलपत्र मीच घेतलंय. तुला का सांगतोय ते तुला कळलं असेलच. माझं नि अनूचं ठाऊक असलेला तू एकटा. बार रूममध्ये पम्यावरचे विनोद चालतात, मी चहा पीत बसतो, आणि खिशातला फोन चाचपतो. अनू म्हणते, तू नाही घेतलंस तर मी तोंड दाखवणार नाही सुजाताला.

गगनबावड्याला तुला सांगितलं तेव्हा 'डॉक्टरला दाखव' म्हणालास आणि माझं घड्याळ कुरियरनं परत धाडलंस. घड्याळाचा पट्टा तुटला होता, ते वेगळं. तर कळवायचं असं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत राजीखुशीचा हा प्रकार आजार म्हणून नाही. जबरदस्तीचा तेवढा ठेवलाय, आणि तो ठेवलाच पाहिजे. तुझं निदान रद्द, रे डॉक्टर.

पोरीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला हे बंड्याकडून कळलं, शाब्बास. घराचा स्लॅब पडला का? गावाकडच्या वाटणीच्या कागदांवर मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

आणि एक. सांगलीच्या क्लासला गणिताला माणूस लागतोय म्हणाला होतास. पम्याइतकं गणित आपल्यात कुणाला येत नव्हतं. निकाल लागेपर्यंत त्याला घे. तो स्वतः मागणार नाही, तूच फोन कर. वहिनींना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

तुझा,
बाळू