साठवण क्षमतेचा आकडा खडकात उतरून तपासा

महोदय,

कारखान्यांतून पकडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. वायू पकडण्याच्या तंत्राचे वर्णन बारकाईने केले आहे. साठवणुकीचा प्रश्न मात्र ‘अब्जावधी टनांची जागा उपलब्ध आहे’ एवढ्या एका वाक्यात निकाली निघाला. खरी मेख तिथेच आहे.

असे आकडे बहुधा खडकाच्या थराचे क्षेत्रफळ, जाडी आणि सच्छिद्रता (खडकातल्या छिद्रांचे प्रमाण) यांच्या गुणाकारातून येतात. पण खोलवरच्या वालुकाश्मातली छिद्रे रिकामी नसतात, त्यांत खारे पाणी असते. ते बाजूला सारल्याशिवाय वायूला जागा होत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी छिद्रांतल्या जागेपैकी जेमतेम काही टक्केच उपयोगी पडते. पाणी सरकले नाही की दाब वाढतो. तो हाताबाहेर गेला तर वायूला वर येऊ न देणारा आच्छादक खडक तडकू शकतो, जुने भ्रंश (खडक सरकून पडलेल्या भेगा) हलू शकतात. म्हणजे किती मावेल याइतकेच, वर्षाला किती वायू आत शिरेल हेही महत्त्वाचे. आणि ते विंधनविहीर घेऊन, दाबाची चाचणी केल्याशिवाय कळत नाही.

नॉर्वेची दोन उदाहरणे पाहा. स्लाइपनर येथे 1996 पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात वायू सोडला जातो, सुरुवातीची बरीच वर्षे वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. थर जाड, भुसभुशीत आणि दूरवर पसरलेला, म्हणून दाबाने त्रास दिला नाही. स्लाइपनर चालवणाऱ्याच कंपनीने 2008 मध्ये स्नोव्हिट येथे काम सुरू केले. तिथे दाब इतक्या झपाट्याने चढला की 2011 मध्ये ठरलेला थर सोडून दुसऱ्यात वायू सोडावा लागला. बारा वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्यांनाही खडकाने चकवले! अल्जीरियात इन सालाह येथे तर वरची जमीन काही मिलिमीटर उचलली गेल्याचे उपग्रहांनी टिपले आणि 2011 मध्ये वायू सोडणे थांबले.

लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्ट खडकाची कथा निराळी. आइसलँडमध्ये 2012 च्या प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी 95 टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत खनिज झाले. निष्कर्ष थक्क करणारा आहे. पण या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागते, हेही सोबत छापले पाहिजे.

रिकाम्या झालेल्या तेलक्षेत्रांबद्दल लेखकाला फार भरवसा वाटतो. तिथली माहिती भरपूर असते, हे खरे. मात्र ती ज्या विहिरींमुळे मिळाली, त्याच नीट न बुजवलेल्या जुन्या विहिरी गळतीच्या वाटा ठरू शकतात.

तेव्हा यापुढे असा आकडा छापताना तो नकाशावरून काढलेला आहे की चाचणी-विहिरीवरून, आणि जुन्या विहिरींची मोजदाद झाली आहे का, एवढे तरी दोन ओळींत द्यावे, ही विनंती.

– एक वाचक