पाणी पांढरं येईस्तोवर घासजो

मस्कत,
12 फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आई-बाबांना माझा नमस्कार सांगजो. मी इथे खुशाल आहे. हरभरा सोंगणीला आला असेल. गाड्यांचे पिवळे पडलेले पुढचे दिवे घासून साफ करायचं काम तू करतोस, त्याचे पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले, आणि परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता तोही समजला. फोनवर दोन वाक्यं बोलून होत नाहीत तोवर तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं नाहीतर नेट जातं, म्हणून सगळं कागदावर लिहून पाठवतो. अचलपूरचा एक जण सुटीवर निघाला आहे, तो दर्यापूरला उतरून तुझ्या हातात देईल. सोबत पुसायचे मऊ कपडे आहेत. घासलेल्या दिव्यावर ऊन अडवायला जो पातळ थर लावतो त्या कोटाच्या बाटल्या देता आल्या नाहीत, पेट घेणारं सामान विमानात चालत नाही. त्या तू अकोल्यातूनच घे.

आधी फोटोंचं बोलतो. तिन्ही गाड्यांचे दिवे पुन्हा बिघडले, पण तिन्हींचं कारण वेगळं आहे, आणि तू तिन्हींना एकच समजून राहिलास.

पहिली ती शाळेची व्हॅन. दिवाळीच्या आधी तू घासून चकाचक केली आणि आता पुन्हा पिवळी झाली. तिच्यावर तू कोट लावलाच नाहीस, खरं ना? कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, मारलं, दिव्याची काच चमकली, गिऱ्हाईक खूश झालं, तू 400 रुपये घेतले आणि निघालास. आपण काच म्हणतो, पण ती काच नाही. जुन्या जीपला गोल काच असायची, ती कधी पिवळी पडत नव्हती. आता सगळं पॉलिकार्बोनेट आहे, म्हणजे प्लास्टिक. दगड लागला तर फुटत नाही, पण ऊन सोसत नाही. म्हणून कंपनी त्यावर एक पातळ थर देते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, गाड्या वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहतात, तो थर जळतो आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं होतं. तू घासलंस म्हणजे उरलासुरला थरही काढून टाकलास. आता ते प्लास्टिक उघडं आहे. सालटं निघालेल्या अंगावर ऊन घेतल्यासारखं. ते आधीपेक्षा लवकर पिवळं होणारच. टूथपेस्टने घासणाऱ्यांचंही हेच होतं.

दुसरा फोटो बोलेरोचा. त्यावर पांढरे ठिपके आहेत, थेंब वाळल्यासारखे, आणि कडेला पापुद्रा सुटला आहे. इथे तू कोट लावला होता, तुझी मेहनत दिसते. घात केला पाण्याने. आपला गाव खारपाण पट्ट्यात आहे हे तू विसरलास. बोअरच्या पाण्याने बादली धुतली तर बादलीवर पांढरं बसतं, मग त्या पाण्याने धुतलेल्या काचेवर नाही बसणार? ते मीठ कोटाच्या खाली राहिलं आणि कोट धरला नाही. माझ्याकडूनही हेच झालं आहे. मागल्या सुटीत मी मोठ्या काकांच्या गाडीचे दिवे अंगणात, हापशीच्या पाण्याने केले होते. एका पावसाळ्यात सगळं उचकटलं. मला वाटलं कोटच हलका मिळाला. इथे परत आल्यावर गोड्या पाण्यावर तोच कोट नीट बसला, तेव्हा ध्यानात आलं. म्हणून घासायला आरओच्या कॅनचं पाणी वापरजो, आणि शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने. बॅटरीचं पाणी गॅरेजात मिळतंच, एका गाडीला अर्धा लिटर पुरे.

तिसऱ्या फोटोतल्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. त्या आतून आहेत की वरून, ते बोट फिरवून बघ. वरून असतील आणि तू थिनरने पुसलं असशील तर तो दोष आपला. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, यातलं काहीही या प्लास्टिकला लावायचं नाही. आतून असतील तर ते घासून जाणारं कामच नव्हतं. काचेच्या आत पाणी धरलं असेल, आतला चांदीसारखा चकचकीत मुलामा करपला असेल, चिरा खोलवर असतील, तर हात जोडून सांगजो की नवीन बसवा. एक गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आता काम कसं करायचं. सगळ्यात आधी काचेभोवती टेप दोन पदर लाव, नाहीतर बोनेटचा रंग जातो. मग 800 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी मारून घासायचा पॉलिशपेपर, फारच खराब असेल तर 600. पाणी मारत आडवं घास. पहिल्यांदा जे पाणी खाली गळतं ते पिवळं असतं, हळद कालवल्यासारखं. तो जुना थर निघून राहिला. तू इथेच थांबतोस, कारण हात दुखतो आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. थांबू नकोस. पाणी पांढरं, ताकासारखं येईस्तोवर घास. काच पूर्ण दुधाळ दिसेल, गिऱ्हाईक घाबरेल, त्याला आधीच सांगून ठेव. त्यानंतर 1000 उभं, 1500 आडवं, 2000 उभं, 3000 आडवं. दर वेळी दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. ओरखडा राहिला तर पुढचा पेपर घेऊ नकोस. मग धुणं, कोरडं करणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, आणि त्यानंतर काचेला बोट लावायचं नाही.

कोट सकाळीच लाव. उन्हाळ्यात नऊनंतर काच इतकी तापते की कोट पसरायच्या आत वाळतो आणि पट्टे पडतात. इथे जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, म्हणून आम्ही पहाटेच आमची कामाची व्हॅन काढतो. तू निंबाच्या सावलीत गाडी घे, पण वारा सुटला असेल आणि धूळ उडत असेल तर काम उद्यावर टाक. एका हाताने, एका दिशेने, एकदाच फिरव. मागे वळून पुन्हा फिरवलं की डाग. बाटलीवर जितका वेळ वाळू द्या लिहिलं असेल तितका वेळ गाडी सोडू नकोस.

तू वाफेच्या किटबद्दल विचारलं होतंस. कपात द्रव तापवायचं, वाफ काचेवर सोडायची, दोन मिनिटांत काच आरशासारखी. घेऊ नकोस. तसल्या बऱ्याच किटांमध्ये डायक्लोरोमिथेनसारखं द्रव असतं, ते नाकात जाणं वाईट, आणि प्लास्टिक वरून विरघळतं म्हणून चमकतं. मागाहून चिरा पडतात. तसंच पेंटरकडचा हार्डनर घालून गनने मारायचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर. तो जास्त टिकतो, खरं आहे. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो, आणि कापडी मास्कने तो अडत नाही. घरात आईला आधीच धाप लागते. आपल्या अंगणात गन चालली नाही पाहिजे, एवढं माझं ऐक.

अमेरिकेत एएए म्हणून गाडीवाल्यांची मोठी संस्था आहे. तिने 2018 मध्ये मोजून पाहिलं, तर जुन्या पिवळ्या दिव्यांतून नव्याच्या मानाने 20 टक्केच उजेड बाहेर पडत होता. नीट साफ केल्यावर तो 70 टक्क्यांच्या आसपास आला. म्हणून गिऱ्हाइकाला "नव्यासारखं करून देतो" म्हणू नकोस. होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसेल, एवढं म्हण. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुष्कळ आहे.

अकोटच्या जिनिंगला कापूस घेऊन चाललो होतो ती रात्र तुला आठवते का? तू तेव्हा सातवीत होतास. उजेड कमी पडतो म्हणून मी त्याच संध्याकाळी 60 वॅटचा बल्ब काढून 100 चा घातला होता. पिकअपची काच पिवळीधमक होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. बल्ब वाढवला तसा समोर नुसता पांढरा धुरळा दिसायला लागला. बाबा म्हणाले, "काईच दिसत नाई बा, हळू घे." नाल्याच्या पुलावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला तो मला बोनेटजवळच दिसला. बाबांचा गुडघा त्या दिवशी गेला तो गेलाच. मी किती वर्षं बल्बला आणि रोह्याला दोष देत राहिलो.

इथे आल्यावर दुसऱ्या महिन्यात मस्कतच्या रुवी भागात एका इमारतीच्या तळघरात आमच्या मल्याळी जोडीदाराने एका कोरोलाचा एकच दिवा साफ केला आणि मला दोन्ही लावून भिंतीसमोर उभं केलं. बल्ब दोन्हीकडे सारखेच. साफ केलेल्या बाजूचा उजेड भिंतीवर रेघ ओढल्यासारखा पडला होता, दुसऱ्याचा ताक सांडल्यासारखा. मी बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिलो. उजेड होता, तो बाहेर पडत नव्हता. मग मला ती रात्र समजली.

म्हणून सांगतो, तू आजवर केलेल्या अकराही गाड्या परत बोलाव आणि फुकट करून दे. 4400 रुपयांसाठी नाही, त्या व्हॅनमध्ये पोरं बसतात म्हणून. कोटाचे पैसे मी पाठवतो. ज्याच्या चिरा निघत नाहीत त्याचे 400 परत दे. पुढे 700 घे, पण कोटाशिवाय एकही गाडी सोडू नकोस, कुणी 300 ला नुसतं घासून मागितलं तरी. वहीत तारीख, गाडीचा नंबर आणि कोणता कोट ते लिहीत जा. वर्षाच्या आत पिवळी पडली तर पुन्हा करून द्यायची.

आणि गावोगाव फिरून पेट्रोल जाळू नकोस. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकाशी पिकअपची रांग तासन् तास उभी असते, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेले असतात. तिथे सकाळी पेटी घेऊन उभा राहा. आधी एकाच दिव्याचं काम कर आणि त्याला दोन्ही लावून भिंत दाखव.

पहिली गाडी शाळेची व्हॅनच घे. काम झालं की अंधार पडल्यावर ती शाळेच्या भिंतीसमोर उभी करून डीपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडावर, फोटो काढ आणि मला पाठव. रेघ सरळ पडली का ते मी बघतो. त्या वेळी बाबांना सोबत ने, पुढच्या सीटवर बसव, आणि त्यांना किती दिसतं ते विचारून मला सांगजो.

तुझा,
दादा