पेच सुटला की लेखकाने टाळला?

चि. सानिका हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे टिपण मिळाले. जोडी पिको यांच्या ‘माय सिस्टर्स कीपर’मधल्या आईची तू जी हजेरी घेतली आहेस, ती वाचताना एक आई म्हणून मी जरा सावरून बसले, हे आधीच सांगते. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की घरातल्या आणि समाजातल्या धर्मसंकटांवर लिहिलेल्या अशा लोकप्रिय कादंबऱ्या मन लावून वाचण्याच्या योग्यतेच्या असतात का, की तुझ्या वर्गातले काही जण म्हणतात त्याप्रमाणे त्या केवळ डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी रचलेल्या असतात. मला वाटते, प्रश्न लोकप्रियतेचा नाहीच. अशी कादंबरी हाती घेतली की मी एवढेच पाहते: निर्णय कोण घेतो, त्याचा भुर्दंड कोणाला पडतो, आणि तो भुर्दंड लेखक शेवटपर्यंत पानावर राहू देतो की मध्येच एखादा योगायोग घडवून सगळ्यांची सुटका करून टाकतो.

तू वाचलेल्या कादंबरीलाच हे लावून पाहू. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातला पेच पहिल्या काही पानांतच कळतो. केटला रक्ताचा कर्करोग आहे. तिच्याशी मेळ बसावा म्हणून गर्भ निवडून तिच्या धाकट्या बहिणीला, ॲनाला, जन्माला घातलेले आहे. जन्मताच नाळेतले रक्त, पुढे पांढऱ्या पेशी, मग अस्थिमज्जा असे देत देत ॲना तेरा वर्षांची झाली आहे आणि आता तिचे मूत्रपिंड हवे आहे. ती वकिलाकडे जाते आणि आपल्या शरीराविषयीचे निर्णय आपल्यालाच घेता यावेत यासाठी आईवडिलांविरुद्ध दावा लावते. तू लिहितेस की सारा ही आई नसून एका मुलीसाठी दुसरीचे सुटे भाग काढणारी बाई आहे. वाक्य झकास जमले आहे, पण मला ते पटलेले नाही. साराने त्या त्या वेळी जे मागितले ते थोडेच होते. नाळ तर टाकूनच दिली जाते. रक्त पुन्हा भरून येते. अस्थिमज्जाही भरून येते. जो अवयव पुन्हा येत नाही तिथपर्यंत ती पोहोचते, तेव्हा नकार ऐकण्याची सवयच त्या घराने गमावलेली असते. अन्याय एका दिवशी एका दुष्ट माणसाकडून होत नाही, तो हप्त्याहप्त्याने होतो, आणि प्रत्येक हप्ता घेणाऱ्याला आपण प्रेमच करतो आहोत असे मनापासून वाटत असते. हे पिको यांनी फार चांगले दाखवले आहे. प्रकरणागणिक वेगळ्या माणसाला बोलते करून त्यांनी वाचकाला कोणा एकाच्या बाजूला फार वेळ स्वस्थ बसूही दिलेले नाही. मात्र जिच्या जिवासाठी हे सगळे चालले आहे, त्या केटचा स्वतःचा आवाज जवळजवळ अखेरपर्यंत ऐकू येत नाही; दाव्यामागे तिचीच इच्छा होती, हे आपल्याला ॲनाच्या साक्षीतून कळते.

यावर मला आपल्या वि. स. खांडेकरांची १९५९ सालची ‘ययाति’ आठवली. तिथेही बापाच्या सुखासाठी मुलाचे शरीर मागितले जाते, आणि पुरू आपले तारुण्य देऊन टाकतो. तिथेही पात्रे आळीपाळीने स्वतःच्या तोंडाने कथा सांगतात. पण बोलतात ते ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. ज्याने किंमत मोजली त्या पुरूला खांडेकरांनी निवेदनाचा वाटा दिलेला नाही. भोगाने पोळलेल्या मनाची तपासणी करायची असल्यामुळे त्यांना त्याची गरज भासली नसेल. मला वाचक म्हणून ती फार भासते. पुरूला एखादे प्रकरण मिळाले असते, तर त्या त्यागाला आपण इतक्या सहज मान डोलावली असती का, हा विचार मनातून जात नाही. या एका बाबतीत, तेरा वर्षांच्या मुलीला ‘मी देणार नाही’ असे स्वतः म्हणू देणारी पिको यांची कादंबरी मला पुढची वाटते.

ज्याला भुर्दंड पडला त्यालाच बोलते करण्याची ही रीत मराठीला मात्र नवी नव्हती. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू आपली कहाणी स्वतः सांगते, आणि ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः छापली जात होती. म्हणजे घरातल्या बायकांवर कोण काय लादते हा प्रश्न त्या काळच्या वाचकांपुढे आला तो पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणाऱ्या गोष्टीतूनच. लोकप्रियतेविषयी नाक मुरडणाऱ्या तुझ्या मित्रांना हे अवश्य ऐकव.

आता ‘माय सिस्टर्स कीपर’च्या शेवटाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. न्यायाधीश ॲनाच्या बाजूने निकाल देतात. हक्क मिळालेली ही मुलगी आता बहिणीला मूत्रपिंड देईल की नाकारेल, आणि नाकारले तर त्याच घरात, त्याच आईसमोर कशी जगेल, हा या कादंबरीतला सर्वांत अवघड प्रश्न आता कुठे समोर येतो, आणि लगेचच मोटारीचा अपघात होतो. ॲनाचा मेंदू मृत होतो, तिचे मूत्रपिंड केटला मिळते, केट जगते. साराला काही निवडावे लागत नाही, ॲनालाही नाही. रडण्याच्या भरात वाचकाच्या लक्षातही येत नाही की उत्तर कोणीच दिलेले नाही. २००९ च्या चित्रपटात शेवट उलटा केला आहे, तिथे केट जाते आणि ॲना राहते. तो मला थोडा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तिथे निदान केटच्या इच्छेला मान मिळतो. तुझे बाबा म्हणतात, आयुष्यातही अपघात होतातच की. होतात, पण लेखकाला अडचण झाली नेमक्या त्याच घटकेला होत नाहीत.

याच्या शेजारी चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ठेव. उमुओफिया या गावाच्या एका स्त्रीची हत्या झाली म्हणून भरपाईदाखल इकेमेफुना नावाचा मुलगा दुसऱ्या गावाने दिलेला आहे. तो तीन वर्षे कादंबरीचा नायक ओकोंक्वो याच्या घरी वाढतो, त्याला बाप मानतो, आणि त्याच्या न्वोये या मुलाचा थोरला भाऊच होऊन जातो. मग देववाणी होते की या मुलाला मारावे. गावातला एक मानाचा वृद्ध मुद्दाम येऊन ओकोंक्वोला बजावतो की हा मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मृत्यूला तुझा हात लागू देऊ नकोस. इथे जरा थांबून वाच. समाजाने मुलाचा जीव मागितला आहे, पण तो ओकोंक्वोनेच घ्यावा असे कोणीही मागितलेले नाही. बाजूला राहण्याची वाट त्याच्यासाठी उघडी आहे, किंबहुना समाजातला शहाणा माणूसच ती दाखवतो आहे. तरीही तो सोबत जातो, आणि मुलगा बाप म्हणून त्याच्याकडे धावत येतो तेव्हा स्वतः घाव घालतो. कारण आपण दुबळे ठरू याची त्याला भीती वाटते. ‘समाजापुढे माझे काही चालले नाही’ असे सांगणारी माणसे तुला कादंबऱ्यांत पुष्कळ भेटतील. त्यांच्या बाबतीत समाजाने नेमके किती मागितले होते आणि त्यांनी आपल्या मानासाठी वर किती दिले, याचा हिशोब करत जा.

इथेही मृत्यू आहे, पण तो पेच मिटवत नाही. पुढची सगळी पडझड त्यातून सुरू होते. न्वोयेला कोणी काही सांगत नाही, त्या रात्री बाप घरात शिरतो तेव्हा त्याला उमगते, आणि त्याच्या आत काहीतरी तुटते. पुढे मिशनरी येतात तेव्हा त्यांचे धर्मशास्त्र त्याला कळतही नाही. पण अंधारात भ्यालेल्या भावांविषयीचे त्यांचे गाणे ऐकताना इकेमेफुनाविषयीच्या त्याच्या जुन्या, न विचारलेल्या प्रश्नावर कोणीतरी हात ठेवल्यासारखे त्याला वाटते, आणि तो बापाचे घर सोडतो. अचेबे यांनी बापाचा निर्णय आणि त्याचा भुर्दंड यांच्यामध्ये काही वर्षे आणि बरीच प्रकरणे जाऊ दिली आहेत. घरांमध्येही असेच होत असावे. बिनसते एका दिवशी आणि कळते फार उशिरा.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) तू वाचलेली नाहीस असे दिसते, ती आधी वाच. दुर्वासपूरच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा प्लेगने मरतो. आयुष्यभर त्याने तिथले सगळे आचार मोडले, पण अग्रहाराने त्याला वाळीत टाकलेले नव्हते. त्याचा अंत्यसंस्कार कोणी करायचा हे ठरत नाही, आणि तो होईपर्यंत कोणाला जेवता येत नाही. त्याच्यासोबत राहणारी चंद्री खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून समोर ठेवते, आणि क्षणापूर्वी ज्यांना विटाळाची धास्ती होती त्यांनाच आता हा अधिकार आपला असावा असे वाटू लागते. हा प्रसंग लिहिताना अनंतमूर्ती आवाज चढवत नाहीत, म्हणून तो अधिक बोचतो. सर्वांचा भार ज्यांच्यावर, ते प्राणेशाचार्य ग्रंथ चाळतात, उत्तर मिळत नाही. मारुतीला कौल लावतात, मारुती बोलत नाही. तोवर इकडे प्रेत कुजते आहे. शेवटी ज्या बाईला त्या समाजात जागाच नव्हती, तीच दुसऱ्या एकाच्या मदतीने रात्री गुपचूप दहन उरकून घेते. दरम्यान आचार्यांचा चंद्रीशी संबंध आलेला आहे, आणि नारणप्पाला दोष देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे उरलेला नाही.

ही कादंबरीही उत्तर न देता संपते. आचार्य परतीच्या वाटेवर आहेत, ते अग्रहारात जाऊन सारे कबूल करतील का आणि केले तर पुढे काय, हे लेखक सांगत नाही. तू विचारशील की मग पिको यांनी तरी वेगळे काय केले. फरक असा की अनंतमूर्ती पुस्तक संपवतात तेव्हा ओझे अजून त्या माणसाच्याच डोक्यावर असते. त्याला ते उतरवून ठेवायला कोणी दिलेले नाही. उघडा शेवट आणि पळवाट या दोन गोष्टी तुझ्या टिपणात कृपा करून एकत्र करू नकोस.

हर्मन कॉख यांच्या ‘द डिनर’विषयी थोडक्यात लिहिते. ही मूळ डच कादंबरी २००९ साली आली. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये बसले आहेत, आणि कादंबरीचे भागही जेवणाच्या क्रमानेच पाडले आहेत. त्यांच्या मुलांच्या हातून एका बेघर बाईचा जीव गेला आहे; चित्रफीत दूरदर्शनवर दाखवली गेली आहे, पण मुले ओळखली गेलेली नाहीत. निवेदक पॉल आपल्या राजकारणी भावाची इतकी खुसखुशीत टिंगल करतो की आपण नकळत त्याच्या बाजूला जातो. मग कळते की सत्य उघड करून राजकारण सोडायला तयार आहे तो हा टिंगलीचा धनी झालेला भाऊच, आणि आपल्याला ज्याची संगत आवडत होती तो पॉल आणि त्याची बायको क्लेअर हे गुन्हा दडपण्यासाठी कोणत्याही थराला जाणार आहेत. जिचा जीव गेला ती बाई त्यांच्या बोलण्यात बहुतांशी एक अडचण म्हणूनच उरते. क्लेअरही मुलासाठीच सगळे करते. तिची आणि साराची तुलना करून पाहा. मुलावरचे प्रेम दोघींनाही आहे, पण साराला निदान समोर न्यायालय आहे, दुसऱ्या मुलीचा वकील आहे, तिला विरोध करणारे कोणीतरी आहे. क्लेअरने तसे कोणी उरूच दिलेले नाही.

तुझ्या टिपणात साराचा स्वभाव कसा आहे यावर चार पाने खर्ची पडली आहेत, ती दोनावर आण आणि उरलेल्या जागेत शेवटाविषयी लिही, असे मी सुचवीन. ऐकायचे की नाही ते तुझे तू ठरव. न्वोयेविषयी तुला काय वाटते ते मात्र जरूर कळव. बापाला सोडून जाणे ही त्याची चूकच होती असे तुझ्या बाबांचे ठाम मत आहे, आणि त्यांच्याशी एकटीने वाद घालण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

तुझी,
आई