सिस्टर, तुम्ही आम्हा तिघांनाही आत बोलावलंत

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर ते तुम्हालाच लिहिलंय हे तुम्हाला कळेल. आमची मुलगी तेहतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १७०० ग्रॅम. पहिले काही दिवस तिला श्वास घ्यायला त्रास होत होता, आणि रात्रपाळीला बहुतेक वेळा तुम्ही असायचात.

तिला घरी सोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात. "घरी बाळाला झोपवणार कोण कोण?" मी म्हटलं, रात्री ही आणि मी, दुपारी माझी आई. "मग तिघंही आत या," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, हिला सांगा, ती आम्हाला सांगेल. तुम्ही ऐकलं नाहीत. आई बाहेरच्या बाकावर बसली होती, तिला तुम्ही स्वतः हाताला धरून आणलंत. आज वर्षभरानंतर मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते त्याबद्दल.

कारण गैरसमज आईच्याच मनात होता, आणि तो तिने तुमच्याच विभागातून उचलला होता. सुरुवातीच्या दिवसांत काचेतून आम्हाला बाळ पालथं झोपलेलं दिसायचं. आई म्हणायची, "बघ, एवढे मोठे डॉक्टरसुद्धा पालथंच झोपवतात." घरी गेल्यावर तीही तेच करणार होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

तुम्ही बाळाच्या पायाला लावलेली वायर दाखवलीत. "आजी, ती पालथी होती तेव्हा ही वायर तिचा ऑक्सिजन मोजत होती. जरा कमी झाला की इथे आवाज व्हायचा आणि कुणीतरी धावत यायचं. घरी ही वायर नाही. म्हणून गेले काही दिवस आम्ही तिला उताणीच ठेवतोय, तिला सवय व्हावी म्हणून." तोवर हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

आईने लगेच विचारलं, "उताणी झोपली आणि उलटी झाली तर? घशात जाईल की!" ही शंका जवळजवळ प्रत्येक आजीच्या मनात असते आणि तिला हसून उडवून लावणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही डाव्या हाताची दोन बोटं एकावर एक धरलीत. वरचं बोट म्हणजे श्वासनलिका, खालचं अन्ननलिका. बाळ उताणं असताना वर आलेलं दूध खालच्या नळीच्या तोंडाशी राहतं, ते श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. मग तुम्ही हात पालथा केलात. आता श्वासनलिका खाली आली. आईने स्वतःची बोटं तशीच धरून दोनदा उलटीसुलटी करून पाहिली आणि गप्प झाली.

तरी तिचा शेवटचा मुद्दा होताच. "माझी तिन्ही मुलं पालथी झोपून वाढली." तुम्ही म्हणालात, "तुम्ही चुकलात असं मी म्हणतच नाहीये. तेव्हा डॉक्टरच तसं सांगायचे."

ते किती खरं होतं हे मी नंतर वाचलं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कितीतरी देशांत डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत होते. न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी झोपेत दगावलेल्या बाळांची नीट माहिती गोळा केली, तेव्हा पालथं झोपणं हे मोठं कारण म्हणून पुढे आलं. १९९१ साली ब्रिटनमध्ये बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम निघाली, अमेरिकेत १९९४ साली. त्यानंतरच्या वर्षांत असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोपवण्याची पद्धत बदलली. आणि २००५ साली जुने अभ्यास पुन्हा तपासणाऱ्यांनी म्हटलं की १९७० पर्यंतचा पुरावा वेळेवर एकत्र पाहिला असता तर ब्रिटनमध्येच १०,००० हून जास्त बाळं वाचली असती. हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसून होतो. माहिती होती, ती झोपवणाऱ्या हातांपर्यंत पोचली नव्हती. तुम्ही आईला बाकावरून उठवून का आणलंत, ते मला त्या दिवशी कळलं.

पालथ्या बाळाला धोका का, हेही तुम्ही सोप्या शब्दांत सांगितलं होतं. नाक गादीत रुतलं की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेतं. आपल्याला अशा वेळी जाग येते, आपण मान फिरवतो. काही बाळांच्या मेंदूत ही जाग आणणारी व्यवस्था अजून पक्की झालेली नसते, आणि ती कोणती बाळं हे बाहेरून ओळखता येत नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांना जास्त जपायचं. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त. आणि घरात कुणीही सिगारेट ओढायची नाही, खिडकीत उभं राहूनसुद्धा नाही. हे तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात. त्या दिवसापासून मी सोडली आहे.

मग तुम्ही विचारलंत, घरी बाळाची झोपायची जागा कशी आहे. मी फोनवर फोटो दाखवला. खाटेच्या चारही बाजूंना कापसाची मऊ तक्की, छोटी उशी, दुलई, दोन खेळणी. मी हौसेने निवडलेलं सगळं. शिवाय दूध वर येऊ नये म्हणून उतरती खुर्चीही घेतली होती. तुम्ही फोटोतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून "हे काढा, हे काढा" म्हणत गेलात. शेवटी राहिली फक्त सपाट, कडक गादी आणि तिच्यावर घट्ट बसणारी चादर. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुकानात मिळतं म्हणजे सुरक्षित असतं, हा माझा समज तिथे संपला. अमेरिकेत २०२२ साली कायदाच झाला, खाटेभोवतीच्या अशा तक्क्यांवर आणि १० अंशांहून जास्त उताराच्या झोपण्याच्या साधनांवर बंदी घालणारा.

थंडीचं काय, हे आईने विचारलंच. हातपाय गार लागले म्हणून पांघरुणं वाढवायची नाहीत, मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघायचं, घाम आला असेल तर एक कपडा कमी करायचा. घरात झोपताना टोपी नको. आईच्या हाताला ती सवय इतकी लागली की अजूनही ती नातीच्या मानेला हात लावल्याशिवाय खोलीतून बाहेर जात नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला माहीत आहे, पण मला इथे सगळ्यांसमोर लिहायची आहे. घरी आल्यावर सातव्या आठवड्यात, पहाटे साडेतीनला मी तिला बाटलीने दूध पाजत सोफ्यावर बसलो होतो. ही दोन रात्री झोपली नव्हती म्हणून तिला उठवलं नाही. डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा मुलगी माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत सरकलेली होती. तिचं तोंड सुदैवाने बाहेरच्या बाजूला होतं. त्या वेळी माझे हात इतके कापत होते की तिला उचलायला मी हिला हाक मारली.

तपासणीला आलो तेव्हा तुम्हाला सांगितलं. मी ओरडा खायची तयारी करूनच आलो होतो. तुम्ही विचारलंत, "तुम्ही स्वतः किती दिवस झोपला नाहीत?" मग कागद घेऊन आमची रात्र वाटून दिलीत. अर्धी हिची, अर्धी माझी, आणि आईने सकाळी सहाला बाळ घ्यायचं म्हणजे आम्ही दोघंही दोन तास झोपू. पेंग यायला लागली की लाज न बाळगता दुसऱ्याला उठवायचं. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत रात्रीचं दूध पाजायचंच नाही. झोप लागेल अशी धास्ती असेल तर उशा-पांघरुणं काढलेल्या पलंगावर बसायचं, कारण सोफ्यापेक्षा ते कमी धोक्याचं, आणि डोळा लागलाच तर जाग येताक्षणी बाळ तिच्या खाटेत. खाट आमच्याच खोलीत, पण बाळ आमच्या अंथरुणात नाही. आमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, म्हणून यात सूट नाही हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मला वाटतं, त्या दिवशी तुम्ही मला रागावला असतात तर पुढची चूक मी लपवली असती.

आणखी एक वाक्य मी विसरलो नाही. निघताना तुम्ही हळू आवाजात म्हणालात की हे सगळं पाळूनही क्वचित एखादं बाळ जातं, आणि तो त्या आईवडिलांचा दोष नसतो. तेव्हा तुमच्या डोळ्यांत जे दिसलं त्याबद्दल मी विचारलं नाही.

मुलगी आता वर्षाची झाली. जागेपणी पोटावर ठेवायचं, ते आम्ही रोज केलं. मान लवकर धरली. पाचव्या महिन्यात ती दोन्हीकडे वळायला लागली. आईने रात्री चार वेळा उठून तिला सरळ केलं, तेव्हा तुम्हाला फोन केला. "झोपवायचं उताणंच. तिची ती वळली तर राहू द्या, आणि आजींना झोपू द्या," तुम्ही म्हणालात.

माझ्या बहिणीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. बाळासाठी काय काय घ्यायचं, तिने विचारलं. मी लिहून पाठवलं, कडक गादी आणि दोन चादरी. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि बहिणीला म्हणाली, "आणि तुझ्या सासूबाईंना दे जरा फोन. मला त्यांना दोन बोटं दाखवायची आहेत. व्हिडिओ कॉल लाव."