आवाहन : रद्दीवाल्याला बोलावण्याआधी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा

सप्रेम नमस्कार.

पुनर्विकासासाठी आपल्या मंडळाची खोली दिवाळीआधी रिकामी करायची आहे. तिथल्या दोन कपाटांत १९१८ च्या इन्फ्लुएंझापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिरणगावातल्या माणसांनी एकमेकांचे जीव कसे वाचवले, त्याचे कागद आणि वस्तू आहेत.

याचा पाया घातला तिसऱ्या मजल्यावरच्या सुईणआजींच्या नातीने. आजींची कात्री, पितळी डबा आणि बाळंतपणांची वही तिने स्वतः आणून दिली, घोटभर चहासुद्धा घेतला नाही. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६६६ तान्ही मुलं दगावली. (बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे आणि मृत्यू इथे नोंदला जाई, म्हणून आकडा फुगतो. तरी अंगावर काटा येतोच.) आई गिरणीत पाळीला गेली की बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. त्या काळात आजी खोल्याखोल्यांतून फिरल्या. कामगार बायकांना बाळंतपणाच्या रजेचा भत्ता देणारा मुंबईचा कायदा १९२९ चा. त्याच्या विधेयकाला विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता.

गिरणीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर वडिलांची, आजाऱ्याला उचलून न्यायची डोलीच दिली. दोन बांबू आणि कांबळं. चाळीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, डोली वळते. ते अजून उभं राहून दाखवतात. काका, तुमचे उपकार फिटणार नाहीत.

आणि परळ! प्लेगच्या लशीच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये ती लस शोधणाऱ्या हाफकिन यांचं नाव मिळालं, १९२६ मध्ये केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह, १९२९ मध्ये वाडियांचंच मुलांचं रुग्णालय. केईएमच्या कॉलेजात शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत, ही देणगीदारांची अट होती. या इमारतींवर पाट्या आहेत. तिथपर्यंत आजाऱ्याला खांद्यावर नेणाऱ्यांची पाटी कुठेच नाही.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला तिघांनीच उत्तर दिलं. एका घरातला आजोबांचा प्रथमोपचार वर्गाचा दाखला रद्दीत गेल्याचं नंतर कळलं. मागायला आम्ही दारात आलो होतो, म्हणून जास्त लागलं.

हवं आहे : स्कॅनिंग, लोखंडी पेट्या व टेम्पोसाठी निधी (कितीही, पावती मिळेल), कोरड्या खोलीची सहा महिने सोय, मोडी वाचणारं कोणी, जुने दाखले-फोटो (स्कॅन करून परत). मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी ७ ते ९, रविवारी सकाळीही. दसऱ्यापर्यंतच.

आपला,
चिटणीस